शांत रस्ता, बंद घरं

'द रायडर' मी पहिल्यांदा वाचलं ते पुण्यात, हॉस्टेलच्या गच्चीवर, मोबाइलच्या स्क्रीनवर. टिम क्राबे या डच लेखकाची ही छोटी कादंबरी १९७८ साली आली. एका सायकल शर्यतीची गोष्ट आहे. शर्यत हौशी लोकांची, दिवस २६ जून १९७७, जागा दक्षिण फ्रान्समधलं मेरुएस नावाचं गाव आणि त्याच्या भोवतीचे डोंगर. निवेदकाचं नावही क्राबेच. प्रकरणांना नावं नाहीत, किलोमीटरचे आकडे आहेत. आपण वाचत जातो तसतसा तो पायडल मारत जातो, आणि पुस्तक संपतं तेव्हा आपल्याही मांड्या दुखत असाव्यात असं वाटतं.

त्या रात्री मी नकाशा उघडून मेरुएस शोधलं. हिरव्यागार भागात एक ठिपका आणि त्यातून निघणाऱ्या चार-पाच पांढऱ्या रेषा. दोन वर्षांनी शिकायला माँपेलिएला गेलो, तेव्हा विद्यापीठाच्या यादीत हे शहर निवडण्यामागे अभ्यासक्रमाइतकाच त्या ठिपक्याचाही हात होता. हे मी घरी कधी सांगितलं नाही.

या लेखात मला त्या पुस्तकाबद्दल बोलायचं आहे, आणखी एका पुस्तकाबद्दल आणि एका सिनेमाबद्दलही. पण खरा विषय आहे फ्रान्समधले 'शांत रस्ते'. सायकलवाल्यांच्या जगात हा जवळजवळ एक साहित्यप्रकार झाला आहे. कुठलंही मार्गदर्शक पुस्तक घ्या, कुठलाही व्हिडिओ बघा. अंतर इतकं, चढ इतका, डांबर चांगलं, कॉफी कुठे मिळेल ते, फोटो कुठे काढावा ते. आणि एक ओळ ठरलेली: वाहनं जवळजवळ नाहीत. या ओळीवर सगळे खूश असतात. मीही होतो. वाहनं का नाहीत, हा प्रश्न मला पडायला बराच वेळ लागला.

नकाशावरची पांढरी रेषा

आधी हे रस्ते आले कुठून ते बघू.

फ्रान्समध्ये रस्त्यांचं जाळं सुमारे ११ लाख किलोमीटरचं आहे. त्यातला महामार्गांचा वाटा अगदी थोडा. बाकी सगळे जिल्ह्याचे, ज्यांच्या नंबरआधी 'डी' लागतो ते, आणि त्याहून लहान गावांचे रस्ते. देशात जवळपास ३५ हजार ग्रामपालिका आहेत आणि प्रत्येकीला आपापले रस्ते आहेत. १८३६ साली एक कायदा झाला. त्याने गावागावांना जोडणाऱ्या वाटा राखण्याची जबाबदारी गावांवर टाकली. गावकऱ्यांनी वर्षातून तीन दिवसांपर्यंत रस्त्यावर काम करायचं, नाहीतर त्याचे पैसे भरायचे. म्हणजे आज ज्या अरुंद, वळणावळणाच्या डांबरी रस्त्यावर सायकलवाला एकटाच जातो, तो बहुतेक वेळा बाजाराला, गिरणीला, चर्चला, शेजारच्या गावातल्या सोयरिकीला जाण्यासाठी माणसांनी स्वतः खडी टाकून केलेला रस्ता आहे. तो माणसांसाठीच होता. खूप माणसांसाठी.

मिशेलिन या टायर कंपनीने १९१०पासून संपूर्ण फ्रान्सचे नकाशे छापायला घेतले, एक सेंटीमीटरला दोन किलोमीटर या प्रमाणात. मोठे रस्ते लाल, मधले पिवळे, लहान पांढरे. सुंदर रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ. चढ दाखवायला छोटे बाण: एक बाण म्हणजे सायकलवर घाम, तीन बाण म्हणजे उतरून ढकलायची तयारी. मोटारी विकल्या जाव्यात, टायर झिजावेत म्हणून काढलेला हा नकाशा सायकलवाल्यांनी उलटा वाचला. जिथे मोटारवाले जाणार नाहीत ती पांढरी रेषा आपली. माँपेलिएत जुन्या बाजारात मला सेव्हेन डोंगरांचा असा एक नकाशा मिळाला, घड्यांवर फाटलेला. तो मी कित्येक रात्री नुसता बघत बसलो आहे. पांढरी रेषा आणि तिच्या कडेला हिरवी रेघ असं दिसलं की छातीत काहीतरी व्हायचं.

नकाशाची हीच गंमत आहे आणि हीच मर्यादा. गावाचं नाव छापलेलं असतं. त्या गावात संध्याकाळी किती घरांत दिवा लागतो, हे छापलेलं नसतं.

तीन दिवस

मे महिन्यात परीक्षा संपल्यावर मी सेकंडहँड सायकल घेऊन निघालो. आलेसपर्यंत ट्रेन. फ्रान्समधल्या प्रादेशिक गाड्यांत सायकल नेता येते. तिथून सें-जाँ-द्यु-गार, आणि मग डी ९, ज्याला 'कोर्निश दे सेव्हेन' म्हणतात. डोंगराच्या धारेवरून फ्लोराकपर्यंत जाणारा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. दोन्ही बाजूंना दऱ्या, एकामागे एक निळसर होत जाणाऱ्या डोंगररांगा, चेस्टनटची जंगलं. माझ्या सायकलच्या चेनचा आवाज आणि पक्षी. पहिल्या तासात मला तीन मोटारी भेटल्या. मी मोजल्या होत्या, कारण मित्रांना सांगायचं होतं.

सगळ्या मार्गदर्शकांत या रस्त्याची स्तुती आहे, आणि ती खोटी नाही. पण हा रस्ता धारेवरून का जातो? दरीतून, गावांमधून का जात नाही? कारण तो सैन्यासाठी होता. चौदाव्या लुईने १६८५ साली प्रोटेस्टंट पंथाला दिलेली मोकळीक काढून घेतली, आणि हे डोंगर प्रोटेस्टंटांचे होते. बाविल नावाच्या राजाच्या अधिकाऱ्याने इथे तोफा आणि शिपाई हलवता यावेत म्हणून धारेवरच्या जुन्या वाटा रुंद करून घेतल्या. १७०२ ते १७०४ या काळात कामिझार म्हणवणाऱ्या इथल्या शेतकऱ्यांनी आणि विणकरांनी बंड केलं, तेव्हा शेकडो वाड्या जाळल्या गेल्या. आज आपण ज्याला 'व्ह्यू' म्हणतो, ती खालच्या गावांवर नजर ठेवायची जागा होती.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर वाचलं. पण त्या दिवशी एक गोष्ट डोळ्यांनी दिसली होती. रस्त्याकडेच्या काही घरांजवळ, अंगणातच, सायप्रसच्या झाडाखाली दोन-चार थडगी. प्रोटेस्टंटांना कॅथलिक स्मशानात जागा नव्हती, म्हणून त्यांनी आपली माणसं आपल्याच जमिनीत पुरली. थडगी होती, झाड होतं, घराची खिडकी मात्र फळ्या ठोकून बंद.

पाणी संपलं तेव्हा एका वाडीच्या नळावर थांबलो. फ्रान्समध्ये नळावर पाटी असते, पिण्याचं आहे की नाही. इथे पाटी नव्हती. शेजारच्या दारातून एक आजी बाहेर आल्या आणि पाणी चांगलं आहे म्हणाल्या. कुठून आलास, एकटाच का, असं सगळं विचारून झालं. मी माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये म्हणालो, "मादाम, तुमच्याकडे किती शांत आहे."

त्या हसल्या. "हो, आता शांत आहे," म्हणाल्या. मग समोरच्या उतारावरच्या दगडी पायऱ्यापायऱ्यांच्या शेताकडे हात केला. आता तिथे झुडपं होती. "तिथे तुती होत्या. माझी आई सांगायची, रेशमाच्या किड्यांचे दिवस आले की घरात पाला खाण्याचा आवाज यायचा, पाऊस पडल्यासारखा."

मी बाटली भरली, आभार मानले आणि पुढे निघालो. घाई होती, फ्लोराकला संध्याकाळच्या आत पोचायचं होतं. त्या वाडीचं नावही मी टिपून घेतलं नाही.

रिकामं झालं कसं

सेव्हेनमध्ये तुतीच्या झाडाला 'सोन्याचं झाड' म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा प्रदेश रेशमावर उभा होता. १८५०च्या सुमारास किड्यांवर रोग आला. लुई पास्तर १८६५पासून काही वर्षं आलेसला येऊन त्यावर संशोधन करत होते, त्यांनी उपायही शोधला. पण तोवर आशियातलं स्वस्त रेशीम येऊ लागलं होतं, १८६९ला सुएझचा कालवा उघडला, पुढे कृत्रिम धागा आला. सें-जाँ-द्यु-गारमधली शेवटची रेशीम गिरणी १९६५ला बंद झाली. माणसं आलेसच्या कोळसा खाणींत गेली, नीमला गेली, पॅरिसला गेली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे साधारण १४ लाख सैनिक मेले. अगदी चार घरांच्या गावातही चौकात दगडी स्मारक आहे आणि त्यावर एकाच आडनावाची तीन-तीन नावं आहेत.

मेरुएस आणि फ्लोराक ज्या लोझेर जिल्ह्यात येतात, तिथे १८५१ला सुमारे १ लाख ४४ हजार माणसं राहत होती. आज ७६ हजारांच्या आसपास राहतात. फ्रान्समधला हा सगळ्यात कमी लोकवस्तीचा जिल्हा. मोठी वाहतूक पश्चिमेकडून ए ७५ या मोटरवेने जाते, २००४पासून मियोच्या त्या प्रसिद्ध उंच पुलावरून. म्हणून आपली पांढरी रेषा मोकळी.

थोडक्यात, शांतता ही इथली मूळची गोष्ट नाही. ती नंतर आली आहे.

क्राबे काय बघतो

आता पुस्तकाकडे येतो.

दुसऱ्या दिवशी फ्लोराकहून निघून मी पेर्ज्युरेच्या खिंडीतून मेरुएसला उतरलो. ही खिंड सायकलच्या इतिहासात नोंदलेली आहे. १९६०च्या 'टूर द फ्रान्स'मध्ये रोजे रिव्हिएर हा चोवीस वर्षांचा फ्रेंच खेळाडू इथल्या उतारावर दरीत कोसळला, मणका मोडला, आणि तो पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही. तिथे त्याचं स्मारक आहे. मी फोटो काढला. गावांमधल्या चौकातल्या स्मारकांचे फोटो मी काढले नव्हते. हे नंतर गॅलरी बघताना लक्षात आलं.

मेरुएसच्या चौकात कॉफी घेत मी 'द रायडर'ची सुरुवात पुन्हा वाचली. शर्यतीच्या तयारीत असलेला निवेदक कॅफेबाहेर बसलेल्या लोकांकडे बघतो आणि त्याला त्यांच्या आयुष्याची कीव येते, कारण ते शर्यतीत नाहीत. पुण्यात गच्चीवर वाचताना मला हा उद्धटपणा प्रचंड आवडला होता. त्याच चौकात बसून वाचताना मी त्या कीव आलेल्यांच्या खुर्चीत होतो. शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे पेपर वाचत होते, एक बाई कुत्र्याला पाणी पाजत होती.

क्राबेवर अन्याय करायचा नाही. हा उद्धटपणा त्याला कळत नाही असं नाही. पुस्तकभर तो स्वतःच्या अहंकाराची मजा घेतो, स्वतःच्या हिशेबीपणाची, भीतीचीही. तो बुद्धिबळपटू आहे, आणि प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्यावरून त्याचा पुढचा डाव ओळखण्याचं वर्णन तो जसं करतो तसं खेळावरच्या लेखनात मी दुसरीकडे वाचलेलं नाही. थकव्याने मेंदू कसा बारीक होत जातो, अर्धवट वाक्यं, निरर्थक आकडेमोड, हे सगळं इतकं खरं आहे की तिसऱ्या दिवशी माँ एगुआलच्या चढावर माझ्याही डोक्यात तेच चाललं होतं. पुस्तक उत्तम आहे आणि तसंच राहील.

पण त्या भागातल्या माणसांचं त्यात काहीच नाही. गाव म्हणजे वळण, चर्च म्हणजे 'आता चढ सुरू', पठार म्हणजे वारा. कोणी म्हणेल, शर्यतीत दुसरं काय दिसणार? बरोबर आहे. प्रश्न क्राबेचा नाहीच, त्याच्यानंतरच्या आपल्यासारख्यांचा आहे. शर्यतीत उतरलेल्या माणसाची नजर आपण शर्यतीत नसताना उसनी घेतली. आपल्याला कुठेही पोचायची घाई नाही, पाठीमागे कोणी लागलेलं नाही, तरी आपण गावातून तसेच जातो. मग जे दिसत नाही त्याला शांतता म्हणतो.

रोलाँ बार्थने १९५७च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये 'टूर द फ्रान्स'ला महाकाव्य म्हटलं होतं. खेळाडू म्हणजे वीर, आणि डोंगर म्हणजे बळी मागणारे देव. ते वाचायला भारी वाटतं. पण देवाच्या अंगावर कोणाची मेंढरं चरतात हे महाकाव्यात येत नाही. आणि एगुआलच्या बाबतीत मेंढरांचाच प्रश्न होता. चराईने आणि कोळशासाठीच्या तोडीने हा १५६५ मीटरचा डोंगर उघडाबोडका झाला होता, खाली पूर येत होते. १८७५पासून जॉर्ज फाब्र या वनाधिकाऱ्याने तिथे पुन्हा जंगल उभं केलं. ज्या सावलीतून मी चढलो, ती लावलेली सावली होती. आणि जंगल लागलं म्हणजे तिथल्या मेंढपाळांची कुरणं गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या.

पायांची आठवण

दुसरं पुस्तक पॉल फुर्नेलचं, 'नीड फॉर द बाइक'. मूळ फ्रेंच २००१चं. फुर्नेल सेंत-एतिएनचा, म्हणजे फ्रान्सच्या सायकल उद्योगाच्या शहरातला. छोटी छोटी टिपणं आहेत, काही तर एका पानाचीही नाहीत. मोबाइलवर वाचायला अगदी सोयीची.

फुर्नेलला शर्यत जिंकायची नाही. त्याचा दावा वेगळा आहे: सायकलवाल्याला प्रदेश पायांनी कळतो. कुठे चढ आहे, कुठे वारा फिरतो, कुठल्या दगडाचा वास कसा, हे शरीरात साठतं. हे खरं आहे. कोर्निशच्या रस्त्यावरचं एक वळण मला आजही झोपेत घेता येईल.

तरी त्याच्या सगळ्या सुंदर टिपणांनंतर माझी एक तक्रार उरते. पायांना चढ कळतो, पण चढावरचं घर बंद का आहे हे पायांना कळत नाही. त्यासाठी खाली उतरावं लागतं, विचारावं लागतं, आणि मुख्य म्हणजे उत्तर ऐकत थांबावं लागतं. फुर्नेल आपल्या प्रदेशातला माणूस आहे, त्याला बरंच न विचारता माहीत असतं. मी तिथे पाहुणा. पाहुण्याने शरीराच्या आठवणीवर समाधान मानलं, तर त्याच्याकडे फक्त स्वतःचीच आठवण राहते.

पोस्टमन

मग मला जाक तातीचा 'जूर द फेत' सापडला. विद्यापीठाच्या फिल्म क्लबमध्ये लागला होता. १९४७ साली सेंत-सेव्हेर नावाच्या मध्य फ्रान्समधल्या गावात त्याचं चित्रीकरण झालं आणि १९४९ला तो प्रदर्शित झाला. युद्धाच्या काळात ताती त्याच भागात येऊन राहिला होता. सिनेमा रंगीत करायचा होता, पण ती रंगीत फिल्म धुताच येईना, म्हणून शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्याची कृष्णधवल प्रत दाखवली गेली. रंगीत प्रत १९९५ला लोकांनी पाहिली.

फ्रांस्वा हा गावचा पोस्टमन, सायकलवर फिरणारा. गावात जत्रा भरते. तंबूतल्या सिनेमात अमेरिकन टपालखात्याच्या वेगाची फिल्म दाखवतात, आणि गावकरी फ्रांस्वाला चिडवतात. त्याच्या डोक्यात वेग शिरतो. मग तो चालत्या ट्रकच्या फळीचंच टेबल करून पत्रांवर शिक्के मारतो, पत्रं कुठेही खुपसून पुढे पळतो. आणि एके ठिकाणी, त्याच शांत रस्त्यावर, शर्यतीचे सायकलस्वार चाललेले असतात, आणि पोस्टाची पिशवी लावलेला फ्रांस्वा त्यांनाही मागे टाकून जातो.

सगळे हसले. मीही हसलो. पण मला त्या एका दृश्यात क्राबेचं सगळं पुस्तक उलट बाजूने दिसलं. रस्ता तोच, सायकल साधारण तीच. शर्यतवाल्यांना गावाशी घेणंदेणं नाही. फ्रांस्वाला मात्र प्रत्येक दारात काम आहे. त्याच्यासाठी हा रस्ता शांत नाहीच. कोणी दारू पाजायला बोलावतं, कोणी खांब उभा करायला, कोणाच्या शेळीला वळसा घालावा लागतो. वेग अंगात आल्यावर त्याची पहिली चूक कोणती, तर तो थांबणं सोडतो. शेवटी तो ओढ्यात पडतो, आणि गवताच्या कामाला हात लावतो. पिशवी एक लहान मुलगा घेऊन जातो.

त्या उन्हाळ्यात मी शातोरूपर्यंत ट्रेनने आणि पुढे सायकलने सेंत-सेव्हेरला गेलो. सपाट, हिरवा, कुंपणांच्या झाडीचा प्रदेश. चौकात त्या सिनेमाचं छोटं संग्रहालय आहे. चौक सिनेमातल्यासारखाच आहे, फक्त सिनेमातल्याइतकी माणसं नाहीत. हे लिहिताना मला ताती भाबडा वाटत नाही असं नाही. त्याच्या गावात भांडणं गोड आहेत, गरिबी दिसत नाही, आणि नुकतंच संपलेलं युद्ध जवळजवळ गायब आहे. पण शांत रस्त्यावरच्या या तीन कलाकृतींत सायकलवरून उतरणारा माणूस त्याच्याचकडे आहे.

आमच्याकडे

हे सगळं मला टोचलं याचं कारण फ्रान्स नाही.

माझं गाव राजापूर तालुक्यात. रत्नागिरी जिल्हा लोझेरच्या साधारण दीडपट, माणसं मात्र १६ लाख. तेव्हा तुलना ताणू नये. पण २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची कमी झाली. गिरण्यांच्या काळापासून आमची माणसं मुंबईला जात आली. गणपतीला आणि शिमग्याला घरं उघडतात, बाकी वर्षभर कुलूप. आमच्या वाडीत अकरा घरं आहेत, त्यांतली चार कायम उघडी. एका घरात माझी आत्या राहते, एकटी.

गेल्या हिवाळ्यात सागरी महामार्गाने गोव्याला जाणाऱ्या सायकलवाल्यांची एक रील मला कोणीतरी पाठवली. त्यात आमच्या वाडीवरचं वळण होतं. जांभ्याचा गडगा, आंब्याची सावली, मागे हळू संगीत, आणि खाली लिहिलं होतं की इथे वेळ थांबला आहे. गडग्यामागचं कुलूपबंद घर आमच्या चुलतकाकांचं. मी चिडलो. मग आठवलं की माँपेलिएहून मी टाकलेल्या फोटोंवर मीही जवळजवळ हेच लिहिलं होतं, फळ्या ठोकलेल्या त्या खिडकीच्या फोटोखाली.

आत्याला फोन केला. रीलबद्दल सांगितलं, आणि सहज म्हणालो, "पण आत्या, शांत तर आहेच ना आपल्याकडे."

"तुला वाटणारच रे शांत," ती म्हणाली. "तू दोन दिवस येतोस. संध्याकाळी सातनंतर बोलायला माणूस नाही, त्याला शांत म्हणतोस होय?"

मला नळावरच्या त्या आजी आठवल्या. 'आता शांत आहे' म्हणताना त्या हसल्या होत्या. मी ते कौतुक समजलो होतो.

सायकलने जाऊच नये, असा निष्कर्ष मी काढत नाही. तो सोपा आणि खोटा होईल. सेव्हेनमध्ये १९७०ला राष्ट्रीय उद्यान झालं, जोंतच्या दरीत १९८१पासून गिधाडं पुन्हा सोडली गेली आणि ती आज डोक्यावर घिरट्या घालतात. १९६८नंतर शहरांतून काही तरुण तिथे राहायला गेले, त्यांनी पडकी घरं उभी केली, शेळ्या पाळल्या. सायकलवाले येतात म्हणून कुठेतरी एखादं कॅफे उघडं राहतं, एखादी खानावळ चालते. आमच्याकडेही आत्याच्या शेजारच्या काकू येणाऱ्याजाणाऱ्या सायकलवाल्यांना कोकम सरबत विकतात. रिकाम्या रस्त्यावर कोणीतरी येणं हे कोणीच न येण्यापेक्षा बरं.

माझी तक्रार लेखनाबद्दल आहे. शांत रस्त्यांवर लिहिणाऱ्या आपण सगळ्यांनी अंतर, चढ आणि कॉफी यांच्या जोडीला एक रकाना वाढवायला हवा: इथे पूर्वी काय होतं, आणि आता कोण राहतं. हा रकाना भरायला संशोधक व्हावं लागत नाही. नळावर दहा मिनिटं जास्त थांबावं लागतं. भरता आला नाही तर रिकामा सोडावा, पण 'वेळ थांबला आहे' असं त्यात लिहू नये. वेळ तिथून गेला आहे, आणि बरोबर माणसंही घेऊन गेला आहे.

'द रायडर' मी अजूनही वर्षातून एकदा वाचतो. मेरुएसच्या पहिल्या पानावर आता थोडा अडखळतो, मग किलोमीटर सुरू होतात आणि मी त्याच्या मागे लागतो.

पुढच्या महिन्यात मीही रत्नागिरीहून सायकलने घरी जाणार आहे. आत्याला कळवलं तेव्हा ती आधी ओरडली, एवढ्या लांब कशाला, गाडीने ये म्हणाली. मग थोडा वेळ गप्प झाली आणि म्हणाली, "येतोच आहेस तर माझ्या बीपीच्या गोळ्या आण. काकूंच्याही आणायच्या आहेत, त्यांचा कागद पाठवते. आणि वरच्या वाडीतले आप्पा विचारत होते, त्यांचं काय ते बघ."

पिशवी हँडलला लावता येईल असं स्टँड मी कालच घेतलं.